पुनवेचा आकाराम

आकाराम भोयाचं नाव मी घालवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला शहाणा समजायला नको. चाळीस वर्षं लेथवर काढली, मशीनच्या वर ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. मंगळवार पेठेत मी आमच्या दारात खाकरलो तरी चौकात कळतं. त्याच आवाजात मी एका सरळ माणसाला भर रस्त्यात खोटारडा म्हणालो, आणि अख्ख्या पेठेनं माझ्यावर विश्वास ठेवला. अजून आठवलं की डोकं सणकतं. पहिल्यांदा माझ्यावरच, मग बाकीच्यांवर. बाकीचे कोण, ते येईलच पुढं.

आकाराम मलकापूर रस्त्याच्या आत असलेल्या कातळवाडीचा. वय साठीच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. शाळा चौथीत सुटली. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, हाताला धरून ओढ्यात उतरवलं आणि बिळात हात घालायला शिकवलं. तेव्हापासून काळे खेकडे धरणं हाच धंदा. त्यावर घर चाललं, पोरगी शिकून नर्स झाली. पहाटे बायकोनं, जिला सगळं गाव आक्काच म्हणतं, भाकरी बांधून द्यायची, यानं बुट्टी डोक्यावर घ्यायची आणि पहिल्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं. आमच्या चौकात पिठाच्या गिरणीपुढं कट्टा आहे, तिथं त्याची बैठक. नांग्या केळीच्या सोपटानं बांधलेल्या, वर ओलं गवत. दोन तासांत बुट्टी रिकामी.

खेकडा कसा घ्यायचा हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. आमुशाचा, म्हणजे अमावस्येचा, खेकडा भरलेला, पुनवेचा पोकळ. भरलेला म्हणजे पाठीचं कवच उघडलं की आत पिवळीधमक, लोण्यासारखी चरबी. ती कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उतरली की रश्शाला जी चव येते ती दुसऱ्या कशाला नाही. सर्दी-खोकल्याला तोच रस्सा, बाळंतिणीला तोच. पोकळ खेकडा म्हणजे नुसतं टरफल चावायचं. आणि आकाराम पोकळ खेकडा कधी द्यायचाच नाही. बिळातनं काढला की तळहातावर घ्यायचा, एकदा खालीवर करायचा. हलका लागला की परत ओढ्यात. पोटाखाली पिल्लं धरलेली मादी असली तर तीही परत. आम्ही त्याच्याकडं कधी निवडून घेतलं नाही. तो देईल ते पिशवीत टाकायचं आणि घरी यायचं.

तर गेल्या आखाडातली आमुशा. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळं घरोघरी सामिष. आमच्याकडं इचलकरंजीचे व्याही आलेले. व्याही म्हणजे खाण्यात मोठा दर्दी माणूस. मी दोन डझन खेकडे आणले आणि सकाळपासून बढाया मारल्या, की आज आकारामचा खेकडा आहे, बोटं चाटाल. दुपारी पानं वाढली. व्याह्यांनी पहिला खेकडा फोडला आणि कवचातनं पाणी गळलं. दुसरा फोडला, तेच. आत करड्या रंगाचं काहीतरी पातळ, पिवळ्याचा पत्ता नाही. रस्सा तर पांचट म्हणजे किती पांचट! व्याही बिचारे सभ्य. एवढंच म्हणाले, "पुनवंचं दिसत्यात, न्हाय?" आमच्या हिनं पदरात तोंड लपवलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

व्याह्यांना गाडीत बसवलं आणि तसाच गिरणीकडं सुटलो. श्रावणाआधीचा शेवटचा दिवस म्हणून आकारामनं दोन बुट्ट्या आणल्या होत्या, दुसरीतले शेवटचे खेकडे विकत बसला होता. भोवती सात-आठ गिऱ्हाइकं.

"आकाराम, पंधरा दिस हौदात ठेवलेलं पुनवंचं खेकडं आमच्या गळ्यात मारलास व्हय रं?"

त्यानं हातातला खेकडा खाली ठेवला. "तात्या, कालच धरलेलं हायत. आमुशाचंच हायत."

"मग आत पाणी कुठनं आलं? खोटारड्या! ह्येच धंदं करतोस?"

आणि मी बुट्टीला लाथ मारली. होय, मारली. खेकडे रस्त्यावर पसरले. बांधलेल्या नांग्यांनी ते कुठं पळणार? तिथंच वळवळत राहिले आणि हा वाकून एकेक उचलायला लागला. तेवढ्यात दुसरा एकजण म्हणाला, आमचे पण पोकळ निघाले. तिसरा म्हणाला, आमचे पण. मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. मीच मोठ्यानं म्हणालो, "आजपासनं ह्यो पुनवेचा आकाराम!" लोक हसले. कोल्हापुरात एकदा नाव चिकटलं की मेल्यावरही सुटत नाही. नवरात्रानंतर तो पुन्हा येऊन बसला, तर जाता-येता जो तो, "काय पुनवेचे आकाराम, आज कुठली तिथी?" दुपारपर्यंत त्यानं तसंच बसायचं आणि भरली बुट्टी घेऊन परत जायचं. दोनदा आला. मग यायचा बंद झाला. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. जिरली म्हटलं.

भाऊबीजेला बहीण आली, बरोबर भाची स्नेहल. ही पोरगी प्राणीशास्त्रात संशोधन करते, तेही खेकड्यांवर. आम्ही तिला चिडवतो, की बाई, आम्ही खातो त्यावर तू डिग्री घेणार. तर जेवताना मी रंगवून रंगवून पुनवेच्या आकारामची गोष्ट सांगितली. सगळे हसले, ती हसली नाही.

"मामा, आतलं पातळ कुठल्या रंगाचं होतं म्हणालास?"

"करडं. मेणचट."

"आणि वजनाला?"

"वजनाला जड होतं की. तिथंच तर फसवलं त्यानं."

ती जेवायची थांबली. म्हणाली, "मला तो माणूस दाखव." मी म्हटलं, त्या खोटारड्याच्या दारात मी जाणार नाही. ती म्हणाली, "मग पत्ता दे, मी एकटी जाते." भाचीला आडरानात एकटीला कसं धाडायचं? गेलो.

कार्तिकातल्या आमुशालाच गेलो, तिनं मुद्दाम तोच दिवस धरला. आकाराम अंगणात बुट्टी विणत बसला होता. मला बघितलं आणि उठला. "या पावणं," म्हणाला. पंचवीस वर्षं मला तात्या म्हणणारा माणूस! अनोळखी माणसाला म्हणतात तसं पावणं म्हणाला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

स्नेहलनं सरळ विचारलं, की मला खेकडे धरून द्याल का? तो म्हणाला, "धरतो की. पर आधी सांगतो ताई, माझं खेकडं पुनवंचं असत्यात म्हणं."

मी खाली बघितलं.

ओढा त्याच्या घरामागनंच जातो. गावाच्या खालच्या अंगाला त्याची नेहमीची जागा. बाहीसुद्धा वर न करता त्यानं बिळात खांद्यापर्यंत हात घातला, डोळे मिटले, आणि खेकडा बाहेर काढला. तळहातावर खालीवर केला. "भरलाय," म्हणाला. स्नेहलनं तिथंच कातळावर सुरीनं कवच उचललं. आत पाणी आणि करडं मेणचट. दुसरा. "ह्यो तर नक्की भरलाय." तोही तसाच. पाच खेकडे झाले. प्रत्येक वेळी आधी हा सांगायचा आणि प्रत्येक वेळी आत पाणी. सहाव्याला तो काही बोललाच नाही. आपल्या तळहाताकडं बघत बसला.

"आता वरच्या अंगाचे," स्नेहल म्हणाली.

वर म्हणजे अर्धा मैल चढ. वाटेत ओढ्याच्या काठाला पत्र्याचं लांब शेड लागलं. आत नट-बोल्टांना जस्ताचा, तांब्याचा मुलामा देतात, ज्याला आम्ही प्लेटिंग म्हणतो. मागच्या भिंतीतनं एक पाइप सरळ ओढ्यात. पाइपाखालचे दगड पांढरट-हिरवे पडलेले. ते ओलांडून वर गेलो. तिथं आकारामनं दोनच खेकडे धरले. कवच उघडलं आणि पिवळंधमक! तोच ओढा, तोच दिवस, तीच आमुशा.

"मामा, चंद्र काय शेडच्या वर वेगळा आणि खाली वेगळा उगवतो काय?" स्नेहल म्हणाली.

मग तिथंच दगडावर बसून तिनं सांगितलं. आपण ज्याला खेकड्याची चरबी म्हणतो ती नुसती चरबी नसते, ती त्याची पचनाची ग्रंथी. खाल्लेलं पचवायचं तिथं आणि पुढच्या दिवसांसाठी चरबी साठवायची तीही तिथंच. उन्हाळ्यात पाणी आटलं की खेकडा बिळात महिनोन् महिने उपाशी बसतो. कात टाकतो, मादी अंडी धरते. सगळं त्या साठ्यावर. आता धातू. तांबं, जस्त थोडं त्यालाही लागतं, त्याच्या रक्तातच तांबं असतं. पण पाण्यातनं रोजच जास्त यायला लागलं की ती ग्रंथी ते अडवून धरायला बघते. त्यात तिची सगळी ताकद जाते आणि साठवलेली चरबी जळून जाते. उरलेली खवट होते, बरणीतलं तेल होतं तशी. नवी साठवायचं कामच बिघडतं. आणि चरबी गेली की त्या जागी पाणी भरतं.

"म्हणून वजन तेवढंच लागतं," ती आकारामला म्हणाली. "तुमचा हात चुकला नाही काका. हाताला पाणी आणि चरबी वेगळं कसं कळणार?"

त्यानं उघडलेलं कवच हातात घेऊन उलटून बघितलं. मग म्हणाला, "दोन वर्सं झाली. आधी थोडं थोडं, यंदा पारच. आक्का म्हणायची, रस्सा पांचट हुतोय. मी म्हणायचो, तुझं वाटण बिघडलंय. दोन वर्सं भांडलो तिच्यासंगं."

"हे शेड दोन वर्षांपूर्वीचं?" स्नेहलनं विचारलं.

"व्हय. कोल्हापुरातनं आलंय म्हणत्यात. तिथल्या लोकांनी हाकललं."

उतरताना मी शेडच्या पुढच्या बाजूनं गेलो, पाटी वाचायला. वाचायची गरजच नव्हती. तो प्लेटिंगवाला आमच्या पेठेतला. आमच्या मागच्या बोळात त्याचं दुकान होतं. ॲसिडच्या वासानं डोळे चुरचुरायचे, गटारातनं हिरवं पाणी वाहायचं. आम्ही दोनशे सह्यांचा अर्ज केला, आणि पहिली सही कुणाची? माझी. तो गेला त्या दिवशी चौकात पेढे वाटले आम्ही! पण तो गेला कुठं, हे दोनशेतल्या एकानं तरी विचारलं का? आपल्या नाकाखालनं गेला ना, मग मसणात जाईना का. तो मसणात नाही गेला. तो आकारामच्या ओढ्यावर येऊन बसला, आणि त्याचं विष खाऊन पोकळ झालेला खेकडा आम्हीच परत ताटात वाढून घेतला आणि वर आकारामला चोर म्हणालो.

हे मी आकारामला सांगितलं. सांगितल्याशिवाय पाय निघेना. तो चिडला नाही. विचार करून म्हणाला, "म्हंजे वास तुमाला नको हुता."

एवढंच.

स्नेहलनं खेकडे नेले, पाणी नेलं, तळाचा गाळ नेला. महिन्यानं आकडे आले. खालच्या खेकड्यांत चरबी वरच्यांच्या निम्म्यानंही नव्हती. जस्त, तांबं कितीतरी पटीनं जास्त, थोडं कॅडमियमही. तो कागद घेऊन मी पाण्याचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो. चार खेपा घातल्या. शेवटी साहेब आले तपासणीला, पण कसे? आधी फोन करून! त्या दिवशी शेडला कुलूप, पाइपातनं थेंब नाही, दगडसुद्धा घासून काढलेले. साहेबांनी बाटली भरली आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं, की नमुना विहित मर्यादेत आहे.

मी पत्र घेऊन साहेबांच्या टेबलाजवळ गेलो. "साहेब, बाटलीला एका दिवसाचं पाणी कळतं. खेकडा तिथं बारा महिने ऱ्हातो. त्याला इचारा की!"

साहेब म्हणाले, "आजोबा, खेकड्याच्या चरबीसाठी आमच्याकडं कुठली मर्यादा ठरवलेली नाही."

ऐका! माणूस बुडाला तरी चालेल, ओढा मेला तरी चालेल, रकाना नाही म्हणजे नुकसान नाही. मी तिथं जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपायानं दंडाला धरून बाहेर आणलं. स्नेहल म्हणते, मामा, पुन्हा अर्ज करू, वर्षभर दर महिन्याला नमुने घेऊ. करते आहे ती. पोरगी चिवट आहे.

मी हे सगळं आकारामला सांगायला गेलो, तर त्याला ऑफिसात काही रस नव्हता. तो म्हणाला, "त्यांनी काय म्हणलं ते ऱ्हाऊ दे. तुमी काय म्हणलासा ते मला परत पायजे. जिथं म्हणलासा तिथंच म्हणा, आन् तेवढ्याच आवाजात."

मी म्हटलं, म्हणतो. जाता जाता विचारलं, की बाबा, तोवर वरच्या अंगाचे खेकडे धर की, ते तर भरलेले आहेत. तो माझ्यावर पहिल्यांदाच उखडला. "वर हायत किती? चार दिसांत संपतील. खालचं पाणी कवा निवळलं, तर तिथनंच खाली येणार ती. त्येबी खाऊ म्हणता?"

माघातल्या आमुशाला सकाळी तो आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. बुट्टी आणली नव्हती. गिरणीपुढं माणसं होतीच. मी कट्ट्यावर चढलो. लाज वाटत होती, पण ओरडलो.

"ऐका रं सगळी! आखाडात मी ह्येला खोटारडा म्हणालो. खोटारडा मी! खेकडा आमुशाचाच हुता. वढ्यात प्लेटिंगचं पाणी सोडल्यात, त्यानं खेकड्याची चरबी गेलीया, आत विष भरलंय. आन् ते प्लेटिंग आपणच हितनं हाकलून त्येच्या दारात घातलंय. पेढं खाल्लेलं आठवतंय का? आकाराम सरळ माणूस हाय. ज्यानं त्येला नाव ठेवलं त्यानं आज त्येची माफी मागायची!"

मग गिरणीवाला पुढं आला, त्यानं आकारामचे हात धरले. एक म्हातारी म्हणाली, "चुकलं बाबा आमचं." दोघं-तिघं येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. म्हटलं, चला, झालं एक काम.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "मग आज आणलं न्हाईस व्हय? पुढल्या आमुशाला एक डझन ठेव मला."

"मलाबी," दुसरा म्हणाला.

मी डोक्याला हात लावला. अरे, मी आत्ता घसा फोडून काय सांगितलं? माणूस सरळ आहे एवढंच ऐकलंत? विष आहे ते कुणाच्या कानात शिरलंच नाही?

आकाराम म्हणाला, "न्हाय आणणार."

"का रं? तुझ्यावर भरोसा हाय आता."

"म्हणूनच न्हाय आणणार. खायासारखं न्हायत."

"थोडं पोकळ असलं तर चालतंय की आमाला!"

"मला न्हाय चालत."

गिरणीवाल्यानं तोड काढली. रत्नागिरीहून समुद्राचा खेकडा येतो, तो आणून इथं बस, तुझ्या नावावर हातोहात खपेल. आकारामनं मान हलवली. "मी धरलेला न्हाय त्यो. कुठल्या पाण्यातला, भरलाय का न्हाय, तुमाला काय म्हणून सांगू?"

हळूहळू लोक पांगले. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत खूप बोललो मी. अर्ज, पेपर, मोर्चा, सगळं. तो ऐकत होता. मलकापूरची गाडी लागली. तो पायरीवर चढला आणि वळला.

"तात्या," तो म्हणाला, "नाव दिलासा परत. लई बरं वाटलं. पर आता ह्ये नाव घिऊन मी कुठं बसू, तेवढं सांगा."